वाचकांचे प्रश्न : भरसमुद्रातली एकच जागा, महिन्यामागून महिने

गेल्या अंकात ‘स्टेशन अलोहा’विषयी एक टिपण दिले होते. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, २२ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि १५८ अंश पश्चिम या ठिकाणी ऑक्टोबर १९८८ पासून हवाई विद्यापीठाची मोहीम जवळजवळ दर महिन्याला जाते आणि पृष्ठभागापासून तळापर्यंत, म्हणजे सुमारे ४,७५० मीटर खोलीपर्यंत, पाणी तपासते. त्याच महिन्यात अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ ‘बॅट्स’ नावाची जुळी मालिका सुरू झाली. टिपणावर बरीच पत्रे आली. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : उपग्रह रोज अख्खा समुद्र टिपतात. ‘आर्गो’चे हजारो फ्लोट आपोआप बुड्या मारून आकडे पाठवतात. मग दर महिन्याला माणसांनी भरलेले जहाज पाठवण्याचा खर्च कशासाठी? – शिक्षक, सांगली

आधी तुमच्या बाजूचे बोलू. वरच्या २,००० मीटर पाण्याचा थर जगभर किती तापतो आहे, एवढाच प्रश्न असेल तर आर्गोने जहाजांवर केव्हाच मात केली आहे. सुमारे ४,००० फ्लोट १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजतात. हे काम जहाजांनी करायचे म्हटले तर जगातला सगळा संशोधन ताफाही पुरणार नाही.

अडचण पुढे येते. फ्लोट एकदा सोडला की तो सहसा परत हाती लागत नाही. त्याचा क्षारतेचा संवेदक काही वर्षांत हळूहळू सरकतो, म्हणजे पाणी तेच असताना आकडा वाढत किंवा घटत जातो. हा सरकाव ओळखायचा तर त्या भागातल्या खोल पाण्याची खरी क्षारता ठाऊक हवी, कारण खोल पाणी वर्षावर्षांत फारसे बदलत नाही. आर्गोचे क्षारतेचे लक्ष्य ०.०१ इतक्या अचूकतेचे आहे, तर जहाजावरून नीट केलेले मोजमाप ०.००२ पर्यंत विश्वासाचे असते. तराजू तपासायला जे प्रमाणित वजन लागते, ते इथे जहाजावरून येते.

उपग्रहाची मर्यादा वेगळी. अवरक्त किरणांवरून तापमान काढणाऱ्या उपग्रहाला मिलिमीटरहूनही पातळ थर दिसतो. पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्य मोजणारा उपग्रह स्वच्छ समुद्रातही वरच्या काही दहा मीटरांपलीकडे पोचत नाही. अलोहापाशी हरितद्रव्याचा सर्वांत दाट थर असतो १०० ते १२५ मीटरवर. तो कुठल्याही उपग्रहचित्रात येत नाही.

शिवाय, वनस्पती प्लवक दिवसभरात किती कार्बन बांधतात, किती कण खाली बुडतात, कोणत्या जिवाणूंची संख्या वाढते आहे, या गोष्टींना अजून तरी पाणी बाटलीत घेऊनच भिडावे लागते.

प्रश्न : जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवरचे पाणी वर येईपर्यंत त्यात वरचे पाणी मिसळत कसे नाही? यंत्रणा नेमकी कशी चालते आणि बिघडते कुठे? – डिप्लोमा मेकॅनिकल, रत्नागिरी

या यंत्रणेला रोझेट म्हणतात. गोल धातूची चौकट, कडेने उभ्या लावलेल्या २४ निस्किन बाटल्या, अलोहावर प्रत्येकी १२ लिटरच्या. चौकटीच्या तळाशी सीटीडी, म्हणजे वाहकता, तापमान आणि खोलीसाठी दाब मोजणारे यंत्र. ते सेकंदाला २४ नोंदी घेते. चौकट ज्या पोलादी तारेवर लटकते तिच्याच गाभ्यात विजेची वाहिनी असते. तिच्यातून वीज खाली जाते आणि आकडे वर प्रयोगशाळेत येतात.

बाटली म्हणजे दोन्ही टोकांना झाकणे असलेली नळी. दोन्ही झाकणे दोरीने ताणून उघडी ठेवलेली असतात, त्यामुळे खाली जाताना पाणी नळीतून आरपार वाहत राहते. हव्या त्या खोलीवर वरून आज्ञा दिली की खटका सुटतो, आतल्या स्प्रिंगने दोन्ही झाकणे फटकन बसतात आणि त्या खोलीचे पाणी आत कोंडले जाते.

क्रम असा. रोझेट पाण्यात उतरवून १० मीटरवर थांबवायचा. पाणी लागल्यावर साधारण मिनिटभराने सीटीडीचा पंप सुरू होतो आणि नळ्यांतली हवा निघून जाते. मग तो पृष्ठभागाजवळ आणून खाली सोडायला सुरुवात. पहिले शंभरेक मीटर मिनिटाला ३० मीटर, पुढे मिनिटाला ६०. या वेगाने तळाशी पोचायला तासावर वीस मिनिटे लागतात. शेवटच्या १०० मीटरांत तळाचे अंतर दाखवणारा ध्वनिमापक जागा होतो आणि तळापासून १० मीटरवर विंच थांबवतात. सलग नोंद उतरतानाची धरतात, कारण संवेदक तळाशी असल्याने त्यांना अस्पर्श पाणी मिळते. बाटल्या मात्र वर येताना बंद करतात. वर येताना चौकट खालचे पाणी ओढत आणते, म्हणून प्रत्येक खोलीवर किमान अर्धा मिनिट थांबून मगच खटका सोडायचा. घाईने थांबल्या थांबल्या बाटली बंद केली तर पाणी काही मीटर खालचे येते. खोल समुद्रात त्याने फारसे बिघडत नाही, पण १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात, जिथे दर दहा मीटरला नायट्रेट बदलते, तिथे आकडा सरळ चुकतो. असे सगळे करून एक पूर्ण फेरी चारेक तासांची होते.

आता बिघाड. तुमच्या विषयातला सर्वांत मोठा म्हणजे तार. जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची पाच किलोमीटर तार पाण्यात सोडली की तिचेच वजन टनभर होते. पण धोका खोल पाण्यात कमी आणि पृष्ठभागाजवळ जास्त. तिथे खाली तारेचे वजन फारसे नसते, जहाज लाटेवरून उतरते तेव्हा ते रोझेटपेक्षा जलद खाली येते, तार क्षणभर सैल पडते आणि पुढच्या लाटेला झटक्याने ताणली जाते. सैल तारेला वेटोळे पडले आणि तसेच ताणले गेले की पीळ उसवतो. असा पीळ दिसला की तिथपासूनची तार कापून टोक नव्याने बांधावे लागते. यात अर्धा दिवस जातो. पहिल्या शंभर मीटरांतला वेग निम्मा ठेवतात तो याचसाठी.

दुसरा बिघाड गळकी बाटली. ओ-रिंगवर वाळूचा कण किंवा केस, झाकणात अडकलेली दोरी, एवढे पुरते. तपासायची रीत सोपी आहे. वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालची तोटी उघडायची. पाणी आले नाही तर बाटली ठीक. धार लागली तर कुठूनतरी हवा शिरते आहे. त्या बाटलीचा क्रमांक लगेच नोंदवहीत लिहायचा, पाणी टाकून द्यायचे नाही. क्षारता तरी घ्यायची, म्हणजे गळती किती हे नंतर कळते. आणखी एक खूण हाताला लागते. तळाजवळचे पाणी दीड अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे खोलच्या बाटल्यांवर डेकवर आल्या आल्या दव धरते. त्या रांगेत एखादी कोरडी आणि कोमट लागली तर ती भलत्याच खोलीवर मिटली आहे असे खुशाल समजावे.

तिसरा त्रास जेलीफिशचा. एखादा तुकडा संवेदकाच्या नळीत शिरला की क्षारता अचानक घसरते. म्हणून तापमान आणि वाहकतेच्या दोन-दोन जोड्या लावतात. दोन्हींत फरक पडला की काहीतरी अडकले आहे हे पडद्यावर दिसते.

प्रश्न : टिपणात लिहिले होते की जहाज एकाच जागी ३६ तास दर तीन तासांनी रोझेट सोडते. एकदा मोजले की पुरे नाही का? – अभियंता, नाशिक

या फेऱ्या तळापर्यंतच्या नसतात, वरच्या हजारेक मीटरांपुरत्या असतात, म्हणून तीन तासांत बसतात. आता कारण. समुद्राच्या पोटातही लाटा असतात. भरती-ओहोटीमुळे खोल पाण्याचे थर दिवसातून दोनदा कित्येक मीटर वर-खाली होतात. तुम्ही १५० मीटरवर बाटली बंद केली तेव्हा थर वर होता की खाली, त्यावर नायट्रेटचा आकडा बदलतो. एकच मोजमाप घेऊन ते गेल्या महिन्याशी ताडले तर भरतीचा फरक हवामानबदल म्हणून खपू शकतो. ३६ तासांत बारा-बारा तासांच्या भरतीची तीन आवर्तने येतात. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याला जी वर्तुळाकार हालचाल मिळते तिचा काळ त्या अक्षांशावर सुमारे ३१ तास आहे, तोही यात बसतो. सरासरी काढली की दोन्ही हेलकावे बरेचसे निघून जातात.

प्रश्न : आम्ही कॉलेजात विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजतो. जहाजावरही हीच पद्धत वापरतात हे वाचून नवल वाटले. एवढी जुनी पद्धत का? आमच्या आकड्यांत दोन वाचनांत ५ टक्के फरक येतो, तो कसा कमी करावा? – बी.एस्सी. रसायनशास्त्र, दापोली

लायोश विंकलर यांनी ही पद्धत १८८८ मध्ये प्रसिद्ध केली. ती टिकली, कारण ती थेट वजनी मोजलेल्या पोटॅशियम आयोडेटशी जोडलेली आहे. सीटीडीवर ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉनिक संवेदकही असतो, पण त्याचा आकडा विंकलरशी जुळवून घेतल्याशिवाय कोणी छापत नाही.

तुमच्या ५ टक्क्यांचे मूळ बहुधा अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) नसून बाटली भरण्यात आहे. रोझेट डेकवर आला की ऑक्सिजनचा नमुना जवळजवळ सर्वांआधी काढतात. त्याच्या आधी फक्त फ्रीऑनसारखे वायू, त्याच्या मागून कार्बनचे नमुने, मग पोषकद्रव्ये आणि शेवटी क्षारता. कारण तोटी उघडताच वरून हवा आत येते आणि पाणी तिच्याशी देवाणघेवाण सुरू करते. तोटीला मऊ नळी लावून, नळीतले बुडबुडे बोटाने टिचकी मारून काढून, ती काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची. पाणी खळखळ न करता चढू द्यायचे आणि बाटलीच्या तिप्पट पाणी वाहून जाईपर्यंत थांबायचे. सेकंद मोजले की हा अंदाज दोन दिवसांत बसतो. वाहत्या पाण्याचे तापमान लिहायचे, कारण शेवटी ऑक्सिजन प्रतिकिलो सांगायचा असतो आणि त्यासाठी त्या क्षणीची घनता लागते. मग नळी अलगद काढून १ मिलिलिटर मँगनीज क्लोराइड आणि १ मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड–आयोडाइडचे द्रावण घालायचे. दोन्ही वेळा टोक पाण्याच्या पातळीखाली बुडवून. झाकण तिरपे सरकवत बसवायचे म्हणजे खाली बुडबुडा राहत नाही. उलटसुलट करून जोरात हलवायचे. तपकिरी साका खाली बसू लागला की बाटलीच्या गळ्याभोवती थोडे पाणी ओतून झाकण हवेपासून बंद करायचे आणि अंधारात ठेवायचे. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा हलवायचे. हे दुसरे हलवणे बहुतेक विद्यार्थी टाळतात आणि मग वाचन कमी येते. सल्फ्युरिक आम्ल अनुमापनाच्या अगदी आधी घालायचे, कारण मोकळे झालेले आयोडीन उडून जाते.

बुडबुड्याचे गणित करून पाहा. १२५ मिलिलिटरच्या बाटलीत ०.१ मिलिलिटर हवेचा, म्हणजे वाटाण्याहून थोडा लहान बुडबुडा राहिला, तर त्यातल्या ऑक्सिजनने उत्तर किलोमागे सुमारे ७ मायक्रोमोलने वाढते. उष्ण प्रदेशातल्या पृष्ठभागाच्या पाण्यात सगळा मिळून २०० च्या आसपास असतो. एका बुडबुड्यात ३ टक्के गेले! जहाजावर दोन जोडनमुन्यांत अर्ध्या मायक्रोमोलहून जास्त फरक आला तरी कारण शोधतात.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक बाटलीचे नेमके आकारमान आधी पाणी तोलून काढलेले असते आणि तिचे झाकण तिच्याच क्रमांकाचे असते. धुताना झाकणांची अदलाबदल झाली तर आकारमान बदलते आणि चूक कुठून आली हे कधीच कळत नाही. दुसरे, अनुमापनाचे थायोसल्फेट द्रावण रोज आयोडेटशी ताडून घ्या, आठवडाभर जुन्या आकड्यावर विसंबू नका. स्टार्चचा निळा रंग जाण्याचा क्षण डोळ्यांनी टिपण्याऐवजी जहाजावर विजेचा प्रवाह किंवा अतिनील प्रकाश मोजून शेवट ठरवतात. पण हा फायदा शेवटच्या अर्ध्या टक्क्याचा आहे. तुमचे पाच टक्के त्याआधीचेच आहेत.

सांडपाण्यासाठी तुम्ही जे ॲझाइड घालता ते नायट्राइटचा अडथळा दूर करण्यासाठी. मोकळ्या समुद्रात नायट्राइट नगण्य असल्याने ते लागत नाही. अरबी समुद्राच्या मधल्या, ऑक्सिजन जवळपास संपलेल्या थरात मात्र नायट्राइट साठते आणि तिथे विंकलरच अपुरा पडतो. त्यासाठी नॅनोमोल पातळीवरचे खास संवेदक वापरतात.

प्रश्न : समुद्राचा सामू (पीएच) वर्षाला ०.००२ ने घटतो म्हणे. आमच्या मत्स्यालयातला सामूमापक सकाळ-संध्याकाळ ०.१ चा फरक दाखवतो. इतकी बारीक घट खरी मानायची कशी? – मत्स्यपालक, पालघर

तुमचा संशय रास्त आहे. काचेच्या इलेक्ट्रोडने ही घट सापडली नसती. अलोहाच्या नोंदींवरून काढलेला दर वर्षाला सुमारे ०.००१९ आहे. ऋतूंनुसार होणारा चढउतार याच्या अनेक पट मोठा असतो. घट दिसते ती वर्षानुवर्षांच्या बिंदूंमधून रेषा काढल्यावर.

मोजण्याची तऱ्हा अशी की पाण्याला मेटा-क्रिसॉल पर्पल या रंगद्रव्याचे थेंब घालून, पाणी नेमके २५ अंशांवर धरून, ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर तरंगलांबीवर किती प्रकाश शोषला गेला याचे गुणोत्तर काढतात. इलेक्ट्रोडसारखा यात सरकाव नसतो. रंगद्रव्य अशुद्ध असेल तर मात्र चूक येते, आणि ती दर वेळी सारखीच येत असल्याने लक्षातही येत नाही. म्हणून शुद्ध केलेले रंगद्रव्यच वापरावे लागते.

सामूबरोबर पाण्यात विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन आणि क्षारकता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, हेही मोजतात. म्हणजे एक आकडा दुसऱ्यावरून पडताळता येतो. एकूण कार्बन किलोमागे २,००० मायक्रोमोलच्या घरात आहे आणि वर्षाला साधारण १ ने वाढतो. मोजमापाची खात्री असते २ ची, तीही सगळे नीट केले तर. म्हणजे निष्काळजीपणाने गेलेला एक हजारांश भाग दोन वर्षांची वाढ गिळून टाकतो किंवा नसलेली दाखवतो.

नमुना काढताना काचेच्या ५०० मिलिलिटर बाटलीत ऑक्सिजनसारखेच तळापासून पाणी भरायचे. त्यातले सुमारे एक टक्का काढून थोडी मोकळी जागा ठेवायची, कारण दोन अंशांवरचे पाणी खोलीत गरम होऊन फुगते आणि झाकण उडवते. मग संपृक्त मर्क्युरिक क्लोराइडचे ०.१ मिलिलिटर घालायचे. त्याने पाण्यातले जिवाणू मरतात, नाहीतर महिनाभराच्या साठवणीत त्यांच्या श्वासातून निघालेला कार्बन नमुन्यात जमा होतो. झाकणाला ग्रीस लावून रबराने बांधायचे. हे रसायन जहाल विष आहे. हातमोजे, वेगळा पिपेट, वेगळा कचरा. आणि त्याचा डबा वनस्पती प्लवकांच्या प्रयोगाच्या आसपासही ठेवायचा नाही.

दर सत्रात अज्ञात नमुन्यांच्या जोडीला, ज्याचा कार्बन आधीच ठाऊक आहे असे प्रमाणित समुद्रजल चालवतात. ते वर्षानुवर्षे मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतील अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेतून जगभर जात आले आहे. हवाई, बर्म्युडा आणि गोवा इथले आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात ते त्यामुळे. एवढे मोठे काम एकाच प्रयोगशाळेच्या खांद्यावर राहावे हे काही बरे नाही.

सामूचे मोजमाप लघुगणकी आहे हेही ध्यानात घ्या. हाच दर ३५ वर्षे धरला तर घट दिसते जेमतेम ०.०७, पण हायड्रोजन आयन वाढतात सुमारे १६ टक्क्यांनी.

प्रश्न : गाळ गोळा करायच्या सापळ्यात जिवंत प्राणी शिरत नाहीत का? – डहाणू

शिरतात, आणि डोकेदुखी ठरतात. अलोहावर बुडणारे कण धरायला १५० मीटर खोलीला तरत्या दोरावर बारा नळ्यांचा सापळा दोन-तीन दिवस सोडतात. नळीत मीठ वाढवून जड केलेले, फॉर्मालिन घातलेले पाणी असते, म्हणजे पडलेला कण कुजत नाही आणि बाहेर वाहून जात नाही. पण जे कोळंबीवर्गीय प्राणी आपल्या पायांनी आत येऊन मरतात ते ‘बुडालेला कार्बन’ नव्हेत. म्हणून नमुना आधी ३३५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात. जाळीवर राहिलेले खरोखरचे मोठे कणही त्यात वाया जातात. दुसरा मार्ग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेचण्याचा. तो अधिक खरा आणि कमालीचा कंटाळवाणा.

प्रश्न : तीस-पस्तीस वर्षांत यंत्रे बदलली असतील, माणसे बदलली असतील. मग १९८८ चा आकडा आजच्या आकड्याशी जुळतो हे कशावरून? एखादा महिना चुकला तर मालिका मोडते का? – निवृत्त सांख्यिकी अधिकारी, पुणे

चुकलेला महिना फारसा छळत नाही. दीर्घ कल काढताना दहा-बारा टक्के बिंदू नसले तरी चालते, महामारीच्या काळात जगभर कितीतरी सफरी रद्द झाल्या तरी मालिका उभ्या राहिल्या. छळतो तो हंगाम पाहून चुकलेला महिना. बर्म्युडापाशी वनस्पती प्लवकांचा बहर हिवाळ्याच्या शेवटी थोडेच दिवस असतो. हिवाळी वादळांमुळे नेमक्या त्याच सफरी हुकत राहिल्या तर बहर ओसरल्याचा भास होईल. म्हणून बॅट्सच्या वेळापत्रकात जानेवारी ते एप्रिल जादा सफरी घालतात.

यंत्रबदल अधिक घातक आहे. रीत अशी की जुने आणि नवे यंत्र काही सफरी एकत्र चालवायचे, तोच नमुना दोघांवर मोजायचा आणि फरक लिहून ठेवायचा. पैसे वाचवायला हाच टप्पा आधी कापला जातो आणि नंतर दहा वर्षांनी आलेखात एक पायरी दिसते. ती समुद्राची की यंत्राची, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नाही. सूत्रातला स्थिरांक बदलला, गाळणकागदाची कंपनी बदलली, तरी हीच गत.

पडताळा घ्यायला आणखी एक सोय निसर्गानेच दिली आहे. २,००० मीटरखालचे पाणी इतके संथ बदलते की दोन सफरींत तिथला आकडा सरसकट वर किंवा खाली सरकला तर दोष मोजणाऱ्याचा. दहा-दहा वर्षांनी महासागर आरपार कापणाऱ्या ‘गो-शिप’च्या सफरीही एकमेकींना छेदतात तिथे असेच ताडतात.

कल पक्का म्हणायला किती वर्षे लागतात? काय मोजतो त्यानुसार उत्तर बदलते. सामूला वीसेक वर्षे पुरली. हरितद्रव्य आणि उत्पादकतेसाठी, उपग्रहांच्या नोंदींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सुमारे ४० वर्षे सांगितली. बर्म्युडाजवळच ‘हायड्रोस्टेशन एस’ हे ठिकाण समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९५४ मध्ये सुरू केले. तिथे आजही नोंदी घेतल्या जातात.

प्रश्न : आपल्याकडे असे काही आहे का? – मालवण, पणजी आणि मुंबईचे वाचक

आहे, पण किनाऱ्याजवळ. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या ठिकाणी नोंदी ठेवल्या आहेत. तिथे जायला मोठे जहाज लागत नाही, छोटी बोट किंवा ट्रॉलर पुरतो. मालिका चिकाटीने चालण्याचे ते एक मोठे कारण आहे.

तिथे दिसणारी गोष्ट मालवणच्या मच्छीमारांनाही लागू पडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातले थंड, कमी ऑक्सिजनचे पाणी किनाऱ्याच्या उथळ मंचावर चढते. वरून पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी पातळ थर धरते. हा हलका थर झाकणासारखा बसल्याने हवेतला ऑक्सिजन खाली पोचत नाही. तळाशी असलेला ऑक्सिजन जिवाणू संपवतात, मग नायट्रेट वापरतात, तेही संपले की सल्फेटवर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड मिळतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. वाटेत नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. हे २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

खुल्या अरबी समुद्रात १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजावरून आणि २०१४ पासून ‘सिंधु साधना’वरून सफरी होत आल्या आहेत. पण हवाईसारखी दरमहा मालिका इथे अवघड. पावसाळ्यातले चार महिने समुद्र खवळलेला असतो, जहाजाचे दिवस अनेक प्रकल्पांत वाटावे लागतात, आणि हवाईत बंदरापासून काही तासांवर खोल समुद्र लागतो तसा तो गोव्यात लागत नाही.

प्रश्न : या नोंदी घरी बसून पाहता येतात का? प्रकल्पासाठी हव्या आहेत. – एम.एस्सी., कोल्हापूर

येतात, फुकट. अलोहा आणि बॅट्स दोन्हींच्या नोंदी त्यांच्या संकेतस्थळांवर खुल्या आहेत. आर्गोच्या भारतीय फ्लोटचे आकडे हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती सेवा केंद्राकडे मिळतात.

सुरुवात वरच्या ३० मीटरच्या कार्बनपासून करा, पण त्याच आलेखावर क्षारताही काढा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अलोहाजवळ पाऊस घटला, बाष्पीभवन वरचढ ठरले, पाणी खारट झाले आणि त्याबरोबर कार्बनही दाट झाला. ती वाढ सगळी धुराड्यांच्या नावावर टाकली तर चुकेल. म्हणून कार्बनला क्षारतेने भागून ३५ ने गुणायचे आणि मग कल पाहायचा. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या की पावसाचा वाटा किती ते दिसते.

फाइल उघडल्यावर गुणवत्तेचा स्तंभ आधी शोधा. २ म्हणजे चांगला, ३ म्हणजे संशयित, ४ म्हणजे वाईट. सुरुवातीला फक्त २ ठेवा. जिथे मोजमाप नाही तिथे अलोहाच्या फाइलीत उणे ९ आणि बॅट्सच्या फाइलीत उणे ९९९ लिहिलेले असते. उणे ९९९ न गाळता सरासरी काढली तर समुद्राचे तापमान शून्याखालीही निघू शकते. निदान ती चूक तरी लगेच दिसते, क्षारतेत एखाद-दुसरे उणे ९ मिसळले तर फरक इतका किरकोळ असतो की तो थेट प्रबंधात जाऊन बसतो.